'लँडर्स पीक' पेंटिंगची पार्श्वभूमी

अल्बर्ट बिअरश्टाटचं 'द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक' बघितलं की वाटतं हा माणसाचा हातच न लागलेला मुलूख आहे, मागे बर्फाचे सुळके, मधे धबधबा, खाली नितळ पाणी. गंमत अशी की चित्रकार तिथे पोचला तो रस्त्याच्या कामाला निघालेल्या लोकांबरोबर!

१८५९ ची गोष्ट. पश्चिमेकडे वॅगन घेऊन जाणाऱ्या लोकांसाठी जवळचा रस्ता काढायचं सरकारी काम फ्रेडरिक लँडरकडे होतं, त्याच्या तुकडीसोबत बिअरश्टाट निघाला आणि आजच्या वायोमिंगमधल्या विंड रिव्हर डोंगररांगेपर्यंत गेला. तिथे त्याने भराभर ऑइल स्केचेस केले, स्टिरिओ फोटो (दोन जवळजवळ सारखे फोटो शेजारी ठेवून खोलीचा भास देणारे) काढले, शोशोनी ह्या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचे तळ बघितले. मोठं चित्र मात्र न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसून केलं, ते पूर्ण झालं १८६३ मध्ये, साधारण ६ फूट बाय १० फूट. त्यामुळे 'हा नक्की कुठला स्पॉट' म्हणून शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, इथलं तिथलं जोडून केलेला देखावा आहे तो. शिवाय हा माणूस जन्माने जर्मन, वाढला अमेरिकेत, शिकला परत जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला आणि आल्प्समध्ये फिरलेला, तर रॉकीजचा सुळका थोडा स्विस दिसतो ह्यात नवल काय. मला तरी ही फसवणूक वाटत नाही, तेव्हाचे मोठे लँडस्केप असेच रचले जायचे.

आणि निर्मनुष्य तर ते चित्र मुळीच नाहीये. खाली नीट बघा, शोशोनींचा अख्खा तळ आहे, तंबू, घोडे, शिकार करून आणलेली जनावरं. लोक वरचा बर्फच बघत बसतात.

नावाचं कारण म्हणजे लँडर १८६२ मध्ये अमेरिकेतलं सिव्हिल वॉर चालू असताना वारला, म्हणून त्याचं नाव शिखराला दिलं. १८६४ मध्ये सैनिकांच्या मदतीसाठी न्यूयॉर्कला मोठी जत्रा भरली तिथे हे चित्र फ्रेडरिक चर्च ह्या दुसऱ्या नावाजलेल्या चित्रकाराच्या 'हार्ट ऑफ द अँडीज' ह्या चित्राच्या समोर लावलं होतं, म्हणजे सरळ सरळ जुगलबंदीच. पुढच्याच वर्षी ते २५,००० डॉलरला गेलं, तेव्हाच्या मानाने प्रचंड रक्कम. नंतर मात्र लोकांची आवड बदलली, असे अवाढव्य देखावे जुनाट वाटायला लागले, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तर अमेरिकन निवड समितीनेच बिअरश्टाटचं दुसरं एक मोठं चित्र नाकारलं. 'लँडर्स पीक' १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने विकत घेतलं, तोवर बिअरश्टाटला जाऊन ५ वर्षं झाली होती.