खाजन बांध आणि किनाऱ्याची धूप: गोव्यातल्या पंचायतीने अर्ज कुठे करायचा, कोणते कागद लावायचे

जूनमध्ये बांधाला खांड (भगदाड) पडते, खारे पाणी शेतात शिरते आणि पंचायतीत गर्दी होते. सरपंच निवेदन लिहून देतात. ते जलस्रोत खात्यात जाते, तिथून कृषी खात्यात, आणि तिथून "जमीन कोणाची?" असा शेरा घेऊन परत येते. तोवर नारळीपौर्णिमा आलेली असते. धूप रोखण्याची बरीच कामे अशी चुकीच्या दारात अर्ज गेल्यामुळे रखडतात. म्हणून अर्जाचा मजकूर लिहिण्याआधी एकच गोष्ट पक्की करावी: धूप नेमकी कुठल्या जागेची होते आहे आणि त्या जागेचा धनी कोण?

खाजनाचा बांध असेल तर

खाजन म्हणजे नदीकाठची सखल, भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून राखलेली शेतजमीन. नदीच्या भरतीपासून शेत राखणारा मातीचा बांध हा शेतीचा बांध. मांडवी, झुआरी, शापोरा, तेरेखोल या नद्यांच्या काठची, दिवाडी-चोडणसारख्या बेटांवरची खाजने याच बांधांवर आणि मानशींवर (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांवर) उभी आहेत. अशा बांधाची पहिली जबाबदारी पंचायतीची नसते, हे बऱ्याच पंचांनाही ठाऊक नसते. 1964 च्या कूळ कायद्याखाली 1975 साली नियम झाले आणि बांध, मानस यांची देखभाल ही त्या खाजनातल्या कुळांची सामूहिक जबाबदारी ठरली. ती पार पाडण्यासाठी कुळांचा संघ असतो, ज्याला सगळे 'टेनंट्स असोसिएशन' म्हणतात. त्याच्यावर देखरेख मामलेदाराची. जमीन कोमुनिदादीची (जुन्या गावकारी संस्थेची) असेल तर कोमुनिदादही यात येते.

तेव्हा इथे अर्जदार म्हणून पात्र ठरतो तो कुळ संघ. पंचायतीने ग्रामसभेत ठराव घेऊन पाठिंबा द्यावा, पाठपुरावा करावा. पण अर्जावर सही संघाच्या अध्यक्षाची हवी. ती सही ग्राह्य धरली जावी यासाठी व्यवस्थापकीय समितीची मुदत चालू असणे आणि हिशेब पूर्ण असणे गरजेचे आहे. अनेक गावांत खरी अडचण इथेच आहे. समिती वर्षानुवर्षे निवडलेली नसते, मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव मात्र नेमाने होतो. अशा वेळी बांधाचा अर्ज करण्याआधी मामलेदाराकडे समितीच्या निवडणुकीचा अर्ज करावा. लिलावाचे पैसे बांधाच्या देखभालीसाठी असतात, हेही ग्रामसभेत एकदा स्पष्ट विचारून घ्यावे. विचारणाऱ्याला गावात थोडा वाईटपणा येतो, पण त्याला इलाज नाही.

समिती जागेवर असली की अर्ज आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात द्यायचा. तिथून तो कृषी खात्याच्या मृदा संधारण शाखेकडे जातो, अभियंते जागा पाहतात, मोजमाप घेतात आणि अंदाजपत्रक करतात. खर्चाचा काही वाटा सरकार उचलते, काही संघाला भरावा लागतो. हे प्रमाण योजनेनुसार ठरते, म्हणून चालू मार्गदर्शक सूचनांची प्रत कार्यालयातूनच मागून घ्यावी. "मागच्या वेळी एवढे मिळाले होते" या भरवशावर संघाने वर्गणी ठरवू नये.

अर्जासोबत खाजनातल्या सर्व्हे क्रमांकांचे एक-चौदाचे (जमिनीच्या हक्कनोंदीचे) उतारे लावावेत. कुळाचे नाव त्यातल्या कुळाच्या रकान्यात आहे ना, हे आधी तपासावे. आजोबांचे नाव अजून तसेच असेल तर वारस नोंदीचे काम वेगळे आणि वेळखाऊ आहे. भूमापन खात्याचा सर्व्हे आराखडा घेऊन त्यावर बांधाची लांबी, मानशीची जागा आणि जिथे खांड आहे ते ठिकाण लाल शाईने दाखवावे. संघाचा ठराव, समितीच्या निवडीचा कागद, बँक पासबुकाची प्रत, ग्रामसभेचा ठराव आणि सदस्यांचे कृषी कार्ड हेही जोडावे. फोटो भरतीचे आणि ओहोटीचे असे दोन्ही वेळचे लावावेत. फक्त ओहोटीचा फोटो पाहिला तर बांध ठीकच दिसतो.

काम मागताना थोडे तारतम्य हवे. जुना बांध चिखल, पेंढा आणि चिऱ्यांनी त्याच रेषेवर पुन्हा बांधायचा असेल तर परवानग्यांची गुंतागुंत कमी. काँक्रीटची भिंत मागितली की प्रकरण सीआरझेडकडे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या परवानगीकडे जाते, खर्च वाढतो, आणि खेकड्यांनी पोखरलेल्या तळाचा प्रश्न तसाच राहतो. बांधाच्या नदीकडच्या बाजूला कांदळवन असेल तर ते लाटेचा आणि बार्जच्या लोटांचा मार झेलते, त्याला हात लावू नये. फांदी छाटायची असली तरी वन खात्याला विचारावे. शेताच्या आत कांदळ वाढली असेल तर शेतकऱ्याचा त्रास खरा आहे. पण तिथेही आधी लेखी परवानगी, मग कोयता.

समुद्रकिनारा किंवा नदीचे मुख असेल तर

इथे मात्र पंचायत स्वतः अर्जदार होऊ शकते. किनाऱ्याची धूप रोखण्याची कामे जलस्रोत खाते करते. त्याचे मुख्यालय पर्वरीला सिंचाई भवनात आहे, पण अर्ज आपल्या भागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे द्यावा. पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर धूप किती पुढे जाऊ शकते ते सगळ्यांनी पाहिले आहे. तिथे एकदा जाऊन या आणि मग आपल्या गावासाठी भिंत मागायची की नाही ते ठरवा. एका जागी भिंत घातली की शेजारच्या वाळूवर लाटेचा मार वाढू शकतो, आणि ती वाळू बहुतेक वेळा शेजारच्या वाड्याची असते.

खात्याने होकार दिला तरी काम लगेच सुरू होत नाही. भरतीरेषेच्या पट्ट्यातल्या कामासाठी गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची, म्हणजे जीसीझेडएमएची वाट धरावी लागते. सीआरझेडची 2019 ची अधिसूचना आली असली, तरी त्यानुसार नवा किनारी आराखडा मंजूर होईपर्यंत 2011 चीच तरतूद चालते. 2011 च्या अधिसूचनेत समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणे निषिद्ध आहे. धूप नियंत्रणाची कामे त्याला अपवाद आहेत, पण ती शास्त्रीय अभ्यास आणि पर्यावरण परिणाम अहवालावर आधारलेली हवीत. "गावकऱ्यांची मागणी" हा आधार पुरत नाही.

प्राधिकरणाकडे नमुना 1 चा अर्ज जातो. सोबत पर्यावरण परिणामांचा अहवाल, आपत्ती व्यवस्थापन आणि जोखीम अहवाल, अधिकृत संस्थेने आखलेल्या भरती-ओहोटी रेषांचा 1:4000 प्रमाणातला नकाशा, त्यावर कामाचा आराखडा आणि जागेभोवतीच्या 7 किलोमीटर परिघाचा नकाशा लागतो. पूर्ण कागद मिळाल्यापासून 60 दिवसांत प्राधिकरणाने शिफारस करायची असते. यातला 'पूर्ण' हा शब्द कळीचा आहे; एक नकाशा कमी असला तरी ते दिवस मोजायला सुरुवात होत नाही. हे अहवाल पंचायतीच्या तिजोरीतून करणे परवडत नाही, म्हणून ते जलस्रोत खात्यामार्फतच व्हावेत असा ठरावात स्पष्ट उल्लेख करावा.

गोव्यासाठी याच अधिसूचनेत खास अटी आहेत. वाळूच्या टेकड्यांवर कोणतेही काम करता येत नाही, खाजन जमिनीत विकासकामे बंद आहेत, आणि मांद्रे, मोरजी, गालजीबाग, आगोंद हे कासवांच्या विणीचे किनारे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. या चार गावांनी जेसीबीचा विचार डोक्यातूनच काढावा.

मग पंचायतीने काय करावे? मला विचाराल तर भिंतीआधी वाळूची टेकडी राखावी. मर्यादवेल, केवडा यांसारखी किनाऱ्याची झाडे लावणे, वाळूवरून चालायला ठराविक वाट ठेवणे, टेकडीवर शॅकचे (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळींचे) सामान टाकू न देणे ही कामे पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत, वन खात्याला सोबत घेऊन करता येतात. प्राधिकरणाला आधी पत्राने कळवावे, एवढेच. त्याला भिंतीइतक्या टाळ्या मिळत नाहीत हे खरे.

डोंगर उतार आणि नाले

सत्तरी, सांगे, केपेकडे माती वाहून जाण्याचा प्रश्न उतारावरचा. काजू-सुपारीच्या बागायतीतल्या समपातळी चरांसाठी बागायतदाराने स्वतः विभागीय कृषी कार्यालयात अर्ज करावा. एक-चौदा, कृषी कार्ड, बँक तपशील पुरतात. नाल्याच्या काठाचे काम जलस्रोत खात्याचे. डोंगरकापणीमुळे माती येत असेल तर ती तक्रार नगर नियोजन खात्याकडे करावी, कारण डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला त्या खात्याची पूर्वपरवानगी लागते. परवानगी होती का, हे माहिती अधिकारात विचारले की 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

वेळापत्रक आणि तातडी

मातीचे काम कापणीनंतर, डिसेंबर ते मे या काळातच होते, तेही उधाणाच्या दिवसांत नाही. भांगाचे (भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याचे) दिवस धरून खांड बुजवतात. त्यामुळे ठराव पावसाळ्यातच घ्यावा आणि अर्ज चतुर्थी आटोपताच द्यावा. मार्चमध्ये दिलेला अर्ज साहजिकच पुढच्या हंगामाचा होतो.

भर पावसात बांध फुटला तर मात्र वाट पाहू नका. त्याच दिवशी मामलेदार आणि विभागीय कृषी अधिकारी या दोघांना लेखी कळवा, पोच घ्या, आणि पिकाचा पंचनामा होईपर्यंत शेताला हात लावू नका. पीक नुकसानीची मदत शेतकरी आधार निधीतून मागायची असते. तिचा अर्ज प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा असतो, संघाचा एकत्र अर्ज तिथे चालत नाही.