दोन खोल्यांतलं एकच गाणं

"नेट गेलंय, आता गाणी कुठली?" जून ते सप्टेंबर हे वाक्य कोकणात घरोघर ऐकू येतं. कुठेतरी झाड पडून केबल तुटते, वीज गेली की थोड्या वेळानं टॉवरही बंद पडतो आणि फोनवरचं भजन मध्येच थांबतं. यातून एक समज पक्का बसला आहे, की वायरलेस गाणं म्हणजे इंटरनेटवरचं गाणं. हा समज चुकीचा आहे. राउटर दोन वेगवेगळी कामं करतो. एक म्हणजे घराला बाहेरच्या जगाशी जोडणं आणि दुसरं म्हणजे घरातली यंत्रं एकमेकांशी जोडणं. दुसऱ्या कामाला बाहेरची केबल लागतच नाही. माजघरातल्या कपाटावरच्या सर्व्हरमधून, म्हणजे गाणी साठवून पाठवणाऱ्या संगणकातून, पडवीतल्या स्पीकरपर्यंत गाणं जातं तेव्हा ते घराचा उंबरठाही ओलांडत नाही. राउटरला आणि या यंत्रांना वीज मिळत राहिली की पुरे.

सामान थोडंच लागतं. धूळ खात पडलेला जुना लॅपटॉप हा सगळ्यांत स्वस्त सर्व्हर. त्याची बॅटरी अर्धा तास तग धरत असेल तरी वीज ये-जा करते तेव्हा तीच इन्व्हर्टरचं काम करते. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती आधी काढा, तिथे हयगय नको. लॅपटॉप नसेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक तीन ते पाच वॉटमध्ये दिवसरात्र चालतो. त्यावर लिरियन म्युझिक सर्व्हर हे फुकट सॉफ्टवेअर टाकायचं. त्याचा उगम २००१ सालच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीच्या संगीतयंत्रात आहे. २००६ मध्ये लॉजिटेकनं ती कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये यंत्रं बंद केली, पण सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे वापरणाऱ्यांनीच ते जिवंत ठेवलं. ऐकायच्या खोलीत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू, त्यावर आकड्यांचा आवाज करणारा डॅक, म्हणजे पीसीएम ५१०२ चिप असलेला छोटा बोर्ड, आणि घरातला जुना ॲम्प्लिफायर. या छोट्या पायवर पिकोरप्लेअर हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर टाकलंत तर ते सुरू होताना पूर्ण मेमरीत चढतं आणि तिथूनच चालतं. त्यामुळे वीज अचानक गेली तरी मेमरी कार्ड खराब होण्याची भीती फारशी राहत नाही. आपल्याकडे हा गुण फार मोलाचा आहे.

गाणी एफएलएसी स्वरूपात ठेवा. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक कानासाठी ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा असतो. दोन्ही कानांचे मिळून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. एफएलएसी त्यातला एकही आकडा न गमावता आकार साधारण निम्म्यावर आणतं. काठोकाठ भरलेली सीडी ४०० एमबीच्या आसपास बसते, म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर अशा दोन हजारांहून अधिक सीडी मावतात. डबलबारीच्या, दशावताराच्या जुन्या कॅसेटी घरात असतील तर त्या आधी उतरवून घ्या. दमट हवेत टेपवर बुरशी चढते, आणि त्यातली बरीचशी रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत. झालेल्या कामाची एक प्रत गणपतीनंतर परतणाऱ्या चाकरमान्यांबरोबर मुंबईला पाठवून द्या. एकाच घरातल्या दोन प्रती एकाच पुरात जातात.

आता मला सर्वांत प्रिय असलेला भाग. गाणं "वाहतं" असं आपण म्हणतो, पण वायफायवरून ते वाहत नाही. सर्व्हर फाईलचे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा साधारण १,४६० बाइटांचा. एफएलएसीचं गाणं चालू असताना असे साठ-सत्तर तुकडे सेकंदाला लागतात. ते एका लयीत येत नाहीत. शेजारचा राउटर बोलत असतो, कोणीतरी मायक्रोवेव्ह लावलेला असतो, मग क्षणभर काहीच येत नाही आणि नंतर पन्नास तुकडे एकदम येऊन पडतात. काही वाटेतच हरवतात. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो, त्यामुळे कुठला आला नाही हे लगेच कळतं आणि सर्व्हर तो पुन्हा पाठवतो. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेली ही पद्धत आजही तुमच्या पडवीत राबते आहे. आलेले तुकडे प्लेअर, म्हणजे ऐकायच्या खोलीतला छोटा पाय, आधी साठवतो. दोन एमबीचा साठा असेल तर वीसेक सेकंदांचं गाणं हाताशी असतं. रहाटाचे लोटे एकामागून एक डोणीत रिकामे होतात, पण डोणीतून आगराकडे जाणारा पाट एकसारखा वाहतो, तसंच हे आहे. डोण कोरडी पडली नाही म्हणजे झालं.

मग लय कुठून येते? डॅकपाशी किंवा प्लेअरच्याच बोर्डावर क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो. क्वार्ट्झ दाबला की त्यावर विद्युतदाब तयार होतो, हे १८८० साली क्यूरी बंधूंनी दाखवलं. उलटही घडतं, विद्युतदाब दिला की क्वार्ट्झ किंचित आकार बदलतो. या दोन्ही गुणांच्या जोरावर तो ठरावीक वेगानं थरथरत राहतो. संगीतयंत्रांत बरेचदा हा वेग सेकंदाला १,१२,८९,६०० असतो. त्याला २५६ नं भागलं की बरोबर ४४,१०० येतात. या ठोक्यांवर साठ्यातला एकेक आकडा बाहेर काढला जातो. म्हणजे तालाचा कणही माजघरातून येत नाही, तिथून फक्त आकडे येतात. ताल ऐकणाऱ्याच्या खोलीत, त्या स्फटिकातून नव्यानं जन्मतो.

एवढं समजलं की हजारो रुपयांच्या "संगीतासाठी खास" नेटवर्क केबलचा दावा तिथेच कोसळतो. केबल कुठलीही असो, आकडे एकतर तेच पोचतात किंवा पुन्हा मागवले जातात. केबलच्या चांदीनं तंबोरा गोड होऊ शकत नाही, कारण साठ्यात शिरताना आकड्यांबरोबर केबलची कुठलीही आठवण येत नाही. दिशा दाखवणारे बाण छापलेल्या केबल, यंत्राखाली ठेवायचे खडे, "ऊर्जा शुद्ध करणारे" स्टिकर हे सगळं त्याच पंक्तीतलं आहे. ज्यांना फरक ऐकू येतो त्यांना माझं मनापासून सांगणं आहे, की घरातल्या कोणाला तरी तुमच्या पाठीमागे केबल बदलायला सांगा आणि ओळखून दाखवा. ते पैसे स्पीकरवर घाला, तिथे फरक खराच ऐकू येतो. खाऱ्या हवेत पिना काळ्या-हिरव्या पडतात, ती अडचण मात्र खरी आहे. मधूनमधून पिन काढून पुसून परत बसवली की भागतं.

पावसानं वायफाय जातं, हेही अर्धंच खरं. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटर लांब असते. अंगणात कोसळणाऱ्या थेंबांचं तिला घरापुरत्या अंतरात काहीच वाटत नाही. छपरावरची डिश पावसात अडखळते, कारण ती साधारण १२ गिगाहर्ट्झवर चालते आणि तिचा संदेश मैलोन्‌मैल पावसातून येतो. आपल्या घरात दोष भिंतीचा असतो. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलताना तो पाणी पितो, आणि लहरीची ऊर्जा भिंतीतल्या त्या पाण्यात मुरते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीचे तर आणखी हाल होतात. त्यात पडवीला झड लागू नये म्हणून पत्रे लावलेले असले तर धातू लहर परतवूनच लावतो. उपाय साधा आहे, राउटर दाराच्या रेषेत ठेवा, नाहीतर माळ्यावरून साधी नेटवर्क केबल पडवीपर्यंत न्या.

खरी गंमत दुसरा स्पीकर लावल्यावर सुरू होते. माजघरात एक, पडवीत एक, दोन्हीकडे तेच भजन. दोघांचे स्फटिक वेगळे, आणि कुठलेही दोन स्फटिक अगदी सारखे नसतात. दहा लाखांत पन्नास ठोक्यांचा फरक सहज पडतो. म्हणजे दर सेकंदाला ५० मायक्रोसेकंद, आणि तासाभरात १८० मिलिसेकंद. द्रुत लयीतल्या पखवाजाचा एक बोल यापेक्षा लवकर संपतो. तासाभराच्या डबलबारीत सुरुवातीला एकत्र असलेले दोन स्पीकर शेवटी एका बोलानं फारकत घेतात. पेटीचा लांबवलेला सूर हा फरक बराच काळ लपवतो, पखवाज लपवत नाही. अगदी छोटा, टोकदार आवाज दोनदा आला तर पाचेक मिलिसेकंदांपासूनच तो दुहेरी वाटू लागतो. बोलणं मात्र तीस-चाळीस मिलिसेकंदांपर्यंत एकच वाटतं.

म्हणून सर्व्हरला प्रत्येक प्लेअरच्या घड्याळाचा फरक कळायला हवा. पण विचारायला जावं तर प्रश्न जायला आणि उत्तर यायलाही वेळ लागतो, तोही दर वेळी वेगळा. यावरची युक्ती डेव्हिड मिल्स यांच्या १९८५ सालच्या नेटवर्क वेळ-पद्धतीत आहे. समजा, सर्व्हरनं स्वतःच्या घड्याळात शून्य असताना प्रश्न पाठवला. प्लेअरला तो मिळाला तेव्हा प्लेअरचं घड्याळ ७० मिलिसेकंद दाखवत होतं. त्यानं ७२ वर उत्तर धाडलं. ते सर्व्हरला पोचलं तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात २४ झाले होते. सर्व्हरच्या हिशेबानं सगळं २४ मध्ये आटोपलं, त्यातले २ प्लेअरनं विचार करण्यात घालवले, म्हणून प्रवास २२ चा. एका वाटेला ११ धरा. सर्व्हरच्या घड्याळात ११ असताना प्लेअरचं घड्याळ ७० सांगत होतं, तर ते ५९ मिलिसेकंद पुढे आहे. मधल्या रस्त्याला किती वेळ लागतो हे आधी ठाऊक नसताना दोन घड्याळांतला फरक हाती आला!

यात एक गृहीतक आहे, जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो हे. वायफायवर ते बरेचदा मोडतं. म्हणून प्रश्न अनेकदा विचारायचा आणि ज्या फेरीला सर्वांत कमी वेळ लागला तिच्यावर सर्वाधिक विश्वास ठेवायचा, कारण जी फेरी कुठे अडकलीच नाही तिच्यात दोन्ही वाटा सारख्या असण्याची शक्यता जास्त. फरक कळला की दुरुस्ती सोपी. स्नॅपकास्ट हे याच कामाचं आणखी एक मुक्त सॉफ्टवेअर, ते पुढे पळणाऱ्या प्लेअरला अधूनमधून एखादा आकडा दोनदा वाजवायला लावतं आणि मागे पडणाऱ्याला एखादा गाळायला सांगतं. एक आकडा म्हणजे २३ मायक्रोसेकंदांहूनही कमी. कानाला पत्ता लागत नाही, आणि दोन खोल्या मिलिसेकंदाच्या आत एकत्र राहतात. हवेत आवाज एका मिलिसेकंदात ३५ सेंटीमीटर जातो, तेव्हा खुर्ची जराशी सरकवली तरी याहून मोठा फरक पडतो.

एक गोष्ट सर्व्हरला कळत नाही. प्लेअरला ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल तर गाणं प्लेअरपाशी पुन्हा आवळलं जातं, स्पीकरमध्ये सोडवलं जातं, आणि त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद जातात. हा उशीर सेटिंगमध्ये हातानं भरावा लागतो. त्यासाठी दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर फोन ठेवा, पखवाजाची सुटी थाप असलेला तुकडा दोन्हीकडे लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. ती फाईल ऑडॅसिटी या आवाज संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की एकाच थापेची दोन टोकं दिसतील. त्यांच्यातलं अंतर मिलिसेकंदांत मोजा आणि लिरियनच्या प्लेअर सेटिंगमध्ये तो आकडा उशिराच्या रकान्यात लिहा. पुन्हा रेकॉर्ड करून टोकं एकमेकांवर आली का पाहा. नाही आली तर आकडा थोडा कमी-जास्त करा.