ना काळी पाच, ना पांढरी सात : जुन्या क्लॅरोनेटच्या किमतीमागचा इतिहास

आजोबांनी बँडमध्ये वाजवलेलं क्लॅरोनेट माळ्यावरून खाली आलं की घरातले लोक आधी त्याचं वय मोजतात. शंभर वर्षांचं आहे, म्हणजे भाव चांगलाच येणार! व्हायोलिनच्या बाबतीत हा हिशेब कधीकधी जमतो, क्लॅरोनेटच्या बाबतीत सहसा नाही. फुंकणाऱ्याच्या श्वासातल्या दमटपणानं आतली नळी वर्षानुवर्षं ओली-सुकी होत राहते. लाकूड आकसतं, कधी उभं तडकतं. पण त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. हे वाद्य घडलं तेव्हा सूर नेमका कुठे लावायचा याचा युरोपात घोळ चालू होता, आणि तो घोळ वाद्याच्या लांबीतच कायमचा बसला आहे.

मूळ क्लॅरोनेट न्यूरेंबर्गच्या योहान ख्रिस्तोफ डेनरनं १७०० च्या आसपास केलं असं मानतात. नंतर चाव्या, म्हणजे भोकं झाकणाऱ्या-उघडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, वाढत गेल्या. १८१२ साली इव्हान म्यूलर तेरा चाव्यांचं क्लॅरोनेट घेऊन पॅरिसला गेला, तर तिथल्या संगीत विद्यालयानं ते नाकारलं. तरीही चाव्यांच्या मांडणीची पुढची साधी पद्धत त्याच सांगाड्यावर उभी राहिली. ब्रुसेल्सच्या यूजीन आल्बर्टच्या वाद्यांमुळे तिला आल्बर्ट पद्धत हे नाव पडलं. दुसरीकडे पॅरिसमध्ये वादक क्लोझे आणि कारागीर ब्यूफे यांनी बासरीवाल्या ब्योमची कड्यांची कल्पना उचलली आणि १८३९ च्या प्रदर्शनात नवं क्लॅरोनेट मांडलं. आज जगभर बहुतेक ठिकाणी शिकवली जाते ती हीच ब्योम पद्धत.

दोन्ही ओळखायला फार अक्कल लागत नाही. वाद्य उलटं करून अंगठ्याचं भोक पाहा. त्याभोवती धातूचं कडं असेल आणि उजव्या हाताच्या करंगळीखाली चार चाव्या असतील तर ते ब्योम. कडं नाही आणि करंगळीला दोनच चाव्या, तर साधी पद्धत. आपल्याकडे जुन्यांत दुसरा प्रकार बराच सापडतो, कारण क्लॅरोनेट इथे आलं ते इंग्रजांच्या पलटणींच्या बँडांतून, आणि त्या बँडांत साधी पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. पलटणीतून ते संस्थानांच्या बँडांत गेलं, तिथून लग्नाच्या वरातीत. ज्याला ब्योमवर शिकायचं आहे त्याला हे वाद्य चालत नाही, त्यामुळे परदेशी बाजारात त्याला उठाव कमी. इथल्या बँडवाल्याची बोटं मात्र त्यावरच बसलेली असतात, आणि उघड्या भोकांवरून मींड घेणं त्याला सोपं जातं. म्हणून साध्या पद्धतीला सरसकट भंगार म्हणणाऱ्या व्यापाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता सुराची गोष्ट. फ्रान्सनं १८५९ मध्ये कायदा करून ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांवर बांधला. इंग्लंड मात्र वर चढत राहिलं. तिथला हाय पिच, म्हणजे वर चढवलेला सूर, ४५२ च्याही थोडा वर होता. १८९५ साली लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये प्रॉमनेड मैफिली सुरू व्हायच्या होत्या. पैसा लावणारे जॉर्ज कॅथकार्ट हे घशाचे डॉक्टर. गायकांच्या गळ्यावर ताण येतो म्हणून सूर खाली आणा, ही त्यांची अट. तारवाद्यवाल्यांनी खुंट्या सैल केल्या, त्यांचं काम झालं. फुंकणाऱ्यांना नवी वाद्यं घेणं भाग होतं आणि ते तयार होईनात. शेवटी कॅथकार्टनीच बेल्जियमहून एक संच मागवून त्यांना वापरायला दिला. पुढच्याच वर्षी लंडनची फिलहार्मोनिक सोसायटी खालच्या सुरावर आली. लष्कर त्यानंतरही तीसेक वर्षं, १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, वरच्या सुरावरच राहिलं. आजचा ४४० चा आकडा १९३९ च्या लंडन परिषदेतला.

पलटणीच्या बँडशी नातं सांगणारं जुनं इंग्रजी क्लॅरोनेट त्यामुळे हाय पिचचं निघण्याची शक्यता बरीच असते. काहींवर ‘एच.पी.’ (हाय पिच) किंवा ‘एल.पी.’ (लो पिच, खालचा सूर) अशी अक्षरं ठोकलेली असतात, पुष्कळांवर काहीच नसतं. मग मोजपट्टी घ्यावी. माउथपीस काढल्यावर आजचं बी फ्लॅट, म्हणजे त्या स्वराला बांधलेलं नेहमीचं क्लॅरोनेट, साधारण ६० सेंटिमीटर भरतं, हाय पिचचं त्याहून दोनेक सेंटिमीटर आखूड. खात्री पेटीवर करता येते, फक्त पेटी ४४० ला लावलेली हवी. वाद्य जरा फुंकून गरम करायचं, मग अंगठा आणि डाव्या हाताची पुढची तीन बोटं झाकून फुंकायचं. बी फ्लॅट असेल तर काळी पाच निघते, ए असेल तर पांढरी सहा, सी असेल तर पांढरी एक. हाय पिचचं बी फ्लॅट काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध लोंबकळतं. बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा आखूड तुकडा, बाहेर ओढून ते खाली आणता येईल असं विकणारा सांगतो. पण ओढल्यानं वरच्या भोकांचे स्वर जास्त उतरतात आणि खालचे कमी, म्हणजे एका बेसूराच्या जागी दहा. सगळाच ताफा वरच्या सुराचा असेल तर कुणाला काही खटकत नाही. एकटं वाद्य मात्र आज कुठल्याच ताफ्यात बसत नाही, आणि भाव इथेच कोसळतो.

शिक्क्यावरून काळ कळतो. बूझी आणि हॉक्स या लंडनच्या दोन कंपन्या १९३० मध्ये एक झाल्या. नुसतं ‘हॉक्स अँड सन’ असेल तर वाद्य बहुधा त्याआधीचं. त्यांच्या कारखान्याच्या वह्या आता लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत, म्हणून अनुक्रमांक पुसट असला तरी टिपून ठेवावा. ‘पॅरिस’ या शब्दानं मात्र हुरळून जाऊ नये. फ्रान्समधले कारखाने परदेशी दुकानदारांच्या नावानं ढिगानं माल घडवत.

काळं दिसतं ते सगळं लाकूड नसतं. एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, उन्हात हिरवट-तपकिरी पडतं आणि घासलं की गंधकाचा वास येतो. खरं लाकूड बहुधा आफ्रिकन ब्लॅकवुड, आपल्या शिसवीच्या कुळातलं. या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आले, तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. पिवळसर बॉक्सवुडचं, मोजक्या चाव्यांचं क्लॅरोनेट हाती लागलं तर गोष्टच बदलते. ते वाजवणाऱ्यासाठी नाही, संग्राहकासाठी असतं. त्याला पॉलिश करू नये, चाव्याही बदलू नयेत. त्याच्या सांध्यांवरची पांढरी कडी हस्तिदंती असू शकतात. तसं असेल तर भारतात ते विकता येत नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनं आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद केला आहे.