चेरी, साखर आणि धूप : एका तेलातल्या सुगंधाची पार्श्वभूमी

चेरी, साखर आणि धूप हे तीन गंध एकाच लहानशा बाटलीत, तेही अल्कोहोलऐवजी तेलात मिसळून, मनगटाला आणि मानेला लावण्याची पद्धत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चांगलीच रुळली आहे. पहिल्यांदा ऐकताना हे मिश्रण विजोड वाटते, कारण त्यातले दोन गंध मिठाईचे आहेत आणि तिसरा प्रार्थनास्थळाचा. इतिहास पाहिला तर मात्र हा विजोडपणा फारसा टिकत नाही. गोड पदार्थ, फळ आणि राळ यांची सांगड हजारो वर्षांची आहे. त्यातले फळ व साखर आता रसायनशाळेतून येतात आणि धूप विस्तवाशिवाय अंगावर येतो, एवढेच काय ते नवे आहे.

सर्वांत जुना भक्कम पुरावा प्राचीन इजिप्तमधील ‘कायफी’ या धूपाचा आहे. एडफू आणि फिले येथील मंदिरांच्या भिंतींवर त्याच्या कृती कोरलेल्या आहेत, आणि ग्रीक लेखक प्लुटार्क याने त्यातील सोळा घटकांची यादी दिली आहे. त्या यादीत गंधरस (हिराबोळ) आणि राळ आहेतच, पण सुरुवातीलाच मध, मद्य आणि मनुका येतात. सुके फळ मद्यात भिजवून, मधात मळून, राळेच्या भुकटीबरोबर एकजीव करायचे आणि मग निखाऱ्यावर टाकायचे, असा हा प्रकार होता. प्लुटार्कच्या म्हणण्यानुसार सकाळी राळ, दुपारी गंधरस आणि संध्याकाळी कायफी जाळली जाई. त्याहून जुन्या, सुमारे इसवी सनपूर्व १५५० मधील एबर्स पपायरस या इजिप्शियन वैद्यकीय हस्तलिखितात घराला आणि कपड्यांना चांगला वास यावा म्हणून कायफी वापरल्याची नोंद आहे. म्हणजे धूप देवापुढे जळत असे त्याच काळात तो माणसाच्या वस्त्रातही मुरत होता.

भारतात सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यातील धूपांच्या कृतींमध्ये गुग्गुळ, वाळा, लाख, मुस्ता आणि नखला (शिंपल्याच्या जातीचे सुगंधी कवच) यांच्याबरोबर शर्करा येते, तर अन्यत्र गुळाचा धूप देण्यास सांगितले आहे. ही साखर केवळ चिकटपणासाठी नव्हती, असे मानायला जागा आहे. साखर निखाऱ्यावर तापली की ती करपण्यापूर्वी तिच्यातून कॅरॅमलचा वास देणारे रेणू बाहेर पडतात, आणि आजचा अत्तरकार ‘साखर’ म्हणून जो गंध वापरतो तो याच रेणूंच्या कुळातला आहे. मुस्ता, म्हणजे नागरमोथा, याचीही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच्याच वंशातील वनस्पती प्लुटार्कच्या कायफीत आहे, आणि नागरमोथ्याचे तेल आजही धुराची, मातकट छटा आणण्यासाठी सुगंध उद्योगात सर्रास वापरले जाते.

जपानमध्ये हेआन काळात, म्हणजे ७९४ ते ११८५ या दरम्यान, दरबारी मंडळींनी हे तंत्र आणखी पुढे नेले. अगरू, चंदन, लवंग इत्यादींची पूड कोळशाची भुकटी, मध आणि आंबट ‘उमे’ फळाच्या गरात मळून तिच्या गोळ्या करीत, त्या मुरत ठेवीत आणि मग मंद आचेवर तापवीत. धूपपात्रावर जाळीदार सांगाडा ठेवून त्यावर रेशमी वस्त्रे पसरली जात, म्हणजे गंध कापडात शिरे. उमे हे प्रुनस या वंशातील फळ आहे, आणि चेरीही त्याच वंशातली. चेरी-धुपाच्या आजच्या तेलाला एखादा पूर्वज शोधायचाच असेल, तर माझ्या मते तो युरोपात नव्हे, या मधाळ जपानी गोळ्यांत सापडतो.

आता तेलाकडे वळू. सुगंध अंगाला लावण्याचे मूळ माध्यम तेलच होते. अल्कोहोल फार उशिरा आले. ग्रीसमधील पायलोस येथे सापडलेल्या, इसवी सनपूर्व १२०० च्या सुमाराच्या मृत्तिकापट्टिकांवर गुलाब आणि सेज या वनस्पतींच्या सुगंधी तेलांच्या नोंदी आहेत. इसवी सनपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातील थियोफ्रास्टस याने गंधांवरच्या आपल्या प्रबंधात कोणते तेल कोणत्या सुगंधाला चांगले धरते याची तपशिलाने चर्चा केली आहे. हलके गंध लवकर उडतात आणि गंधरसासारखे जड गंध टिकतात, हे त्याने तेव्हाच नोंदवले होते. मध्ययुगात ऊर्ध्वपातनाने तीव्र अल्कोहोल मिळू लागले, चौदाव्या शतकापासून युरोपात अल्कोहोलयुक्त सुगंधी जले तयार होऊ लागली, आणि १७०९ मध्ये योहान मारिया फारिना याच्या कुटुंबाने कोलोन शहरात सुरू केलेल्या व्यवसायातून पुढे ‘ओ द कोलोन’ जगभर पोहोचले. अल्कोहोल झपाट्याने उडते आणि गंध हवेत फेकते. या एका गुणामुळे पाश्चात्त्य सुगंधाने तेलाला जवळजवळ हद्दपार केले. पश्चिम आशिया आणि भारतीय उपखंडात मात्र अत्तराची परंपरा अखंड राहिली.

चेरीचा इतिहास सर्वांत गुंतागुंतीचा आहे, आणि तो चेरीच्या गरापेक्षा तिच्या बीमध्ये अधिक आहे. पिकलेल्या चेरीपासून अत्तराच्या कामाचे तेल निघत नाही. आपण ज्याला चेरीचा वास म्हणतो, त्याचा मोठा भाग बेंझाल्डिहाइड या द्रव्याचा असतो, आणि तेच द्रव्य कडू बदामाच्या वासाचेही मूळ आहे. चेरी, बदाम, जर्दाळू, पीच हे सगळे प्रुनस वंशातले असून त्यांच्या बियांत ॲमिग्डालिन नावाचे संयुग असते. बी चिरडली गेली आणि ओलावा मिळाला की विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करते, आणि त्यातून बेंझाल्डिहाइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हे जहाल विषही सुटते. १८०३ मध्ये फ्रेंच औषधनिर्माते मार्त्रेस यांनी कडू बदामातून हे सुगंधी द्रव्य वेगळे केले, १८३० मध्ये रोबिके आणि बुत्रों-शार्लार यांनी ॲमिग्डालिन शोधले, आणि १८३२ मध्ये लीबिग व व्योलर यांनी कडू बदामाच्या तेलावर जे संशोधन प्रसिद्ध केले, ते सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पायाभूत कामांपैकी एक मानले जाते. एका मिठाईच्या वासाने रसायनशास्त्राला एवढे काही शिकवावे, ही गोष्ट मला अजूनही मजेशीर वाटते.

कडू बदामाचे तेल महाग आणि सायनाइडमुळे धोक्याचे होते, त्यामुळे पर्याय शोधले गेले. १८३४ मध्ये मित्शरलिख यांनी तयार केलेले नायट्रोबेंझीन पुढे ‘मिरबेन तेल’ या नावाने स्वस्त साबणांत बदामाच्या वासासाठी वापरले गेले. ते स्वतःच विषारी असल्याचे लक्षात आल्यावर सुगंधातून ते बाद झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डांबरातून मिळणाऱ्या टोल्यूइनपासून बेंझाल्डिहाइड बनू लागले आणि बदाम-चेरीचा वास सर्वांच्या आवाक्यात आला. तोवर १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात कृत्रिम फळअर्क मांडले गेले होते आणि फळाविना फळाचा वास ही कल्पना लोकांनी स्वीकारलेली होती. मग गोळ्या, सरबते आणि खोकल्याची औषधे यांतून चेरीचा एक ठरावीक, गडद लाल वास लोकांच्या नाकात बसला. आजच्या सुगंधातली चेरी झाडावरच्या चेरीपेक्षा या गोळीची आणि औषधाची अधिक जवळची नातेवाईक आहे. काहींना ती खोकल्याच्या औषधासारखी वाटते ती त्यामुळेच. त्यात त्यांच्या नाकाचा दोष नाही.

साखरेची अडचण वेगळीच आहे, कारण शुद्ध साखरेला वासच नसतो. सुगंधातील साखर म्हणजे तापवलेली साखर. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान यांनी व्हॅनिलिन कृत्रिमरीत्या तयार केले, आणि १९२५ च्या ‘शालिमार’ या अत्तरात त्याचे अधिक तीव्र भावंड, एथिल व्हॅनिलिन, ठळकपणे वापरले गेले. तरीही व्हॅनिला म्हणजे साखर नव्हे. तो टप्पा माल्टॉलने गाठला. लार्च या झाडाच्या सालीत आणि भाजलेल्या माल्टमध्ये आढळणारे हे द्रव्य एकोणिसाव्या शतकातच माहीत होते. त्याचे प्रयोगशाळेत घडवलेले, कित्येक पटींनी तीव्र रूप म्हणजे एथिल माल्टॉल हे १९६० च्या दशकात खाद्य उद्योगासाठी बाजारात आले. सुगंधात त्याचा वापर दीर्घकाळ चिमूटभरच राहिला. १९९२ मध्ये थिएरी म्युग्लर यांच्या ‘एंजल’ने ही मर्यादा ओलांडली. ऑलिव्हिए क्रेस्प आणि इव्ह द शिरीं यांच्या या रचनेत जत्रेतल्या साखरेच्या कापसाचा गंध पाचोळी (पॅचौली) या वनस्पतीच्या उग्र, मातकट वासाच्या अंगावर टाकला होता. गोड गंध अंगावर पेलण्यासाठी खाली काहीतरी काळोखे, कडवट लागते, हा धडा तिथून सर्वांनी घेतला. पाचोळीच्या जागी धूप ठेवला की आपण आजच्या मिश्रणाच्या अगदी जवळ येतो.

धूपही याच सुमारास बाटलीत नव्याने आला. फ्रँकिन्सेन्स, गंधरस आणि बेंझॉइन या सुगंधी राळा सुगंधात पूर्वीही होती, पण आधार म्हणून, आडोशाला. १९९० च्या दशकात काही सुगंधगृहांनी त्यांना पुढे आणले, आणि २००२ मध्ये ‘कॉम दे गार्सों’ या फॅशनगृहाने केवळ धूपावर आधारित पाच सुगंधांची मालिका काढली, ‘अविन्यों’ आणि ‘क्योतो’ हे त्यातलेच. इथे एक तांत्रिक पेच होता. फ्रँकिन्सेन्सचे ऊर्ध्वपातित तेल लिंबासारखे, पाइनसारखे ताजे असते. चर्चच्या गाभाऱ्यात रेंगाळणारा वास त्यात पूर्णपणे उतरत नाही. तो वास देणारी दोन अत्यल्प आम्ले २०१६ मध्ये नीस येथील संशोधकांनी ओळखली. त्यामुळे बाटलीतला धूप हा नेहमीच बांधलेला असतो : राळेचे तेल, लाकडी गंधद्रव्ये, बेंझॉइनचा गोडवा आणि धुरासाठी केड या झुडपाच्या लाकडाचे किंवा नागरमोथ्याचे तेल. बेंझॉइनमध्ये स्वाभाविक व्हॅनिलिन असल्याने साखरेशी त्याचे लगेच जुळते, आणि बेंझॉइक आम्लाच्या संयुगांमुळे त्याचे बेंझाल्डिहाइडशी रासायनिक नातेही आहे. चेरी, साखर आणि धूप यांच्यातला खरा सांधा मला तरी या एका राळेत दिसतो.

हे सगळे तेलात परतले ते मात्र व्यावहारिक कारणांनी. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेतील हिप्पी तरुणांच्या प्रतिसंस्कृतीने पाचोळी आणि कस्तुरीची तेले लोकप्रिय केली होतीच. पुढे इंटरनेटवरून विक्री करणारे छोटे उत्पादक आले. ‘ब्लॅक फीनिक्स अल्केमी लॅब’ ही २००२ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेली संस्था त्यांतली सर्वांत परिचित. अमेरिकेत सुगंधासाठीच्या अल्कोहोलवर परवान्यांची बंधने आहेत, आणि अल्कोहोलयुक्त सुगंध ज्वालाग्राही ठरत असल्याने तो टपालाने पाठवण्यावर निर्बंध आहेत. स्वयंपाकघरातून व्यवसाय उभारणाऱ्याला खोबरेल तेलाचा न गोठणारा अंश किंवा जोजोबा तेल हे सोपे पडले. या उत्पादकांचा ग्राहक गूढ, काळोख्या कथांचा शौकीन होता, आणि त्याला धूप हवाच होता. मिठाईच्या गंधांची लाट तोवर मुख्य बाजारातून आलेली होती. दोन्ही एकत्र आले ते इथे. चेरीला प्रतिष्ठा मिळाली ती नंतर, २०१८ मधील टॉम फोर्ड यांच्या ‘लॉस्ट चेरी’ने, आणि त्यानंतर छोट्या-मोठ्या सर्वांनीच चेरीच्या आवृत्त्या काढल्या.

तेलामुळे या मिश्रणाचे त्वचेवरील वर्तनही बदलते. अल्कोहोलमध्ये बेंझाल्डिहाइड पहिल्या काही मिनिटांत उसळून निघून जाते. तेलात ते सावकाश सुटते, त्यामुळे चेरीची तीक्ष्ण, बदामी धार बोथट होते पण थोडी अधिक टिकते. एथिल माल्टॉल आणि राळा दोन्ही जड असल्याने पुढचे तास त्यांचेच असतात, आणि गंध अंगापासून फार दूर जात नाही. या रचनेच्या दोन मर्यादा कारागिरांना पक्क्या माहीत आहेत. एथिल माल्टॉल हे स्फटिकरूप द्रव्य वनस्पती तेलात सहज विरघळत नाही, म्हणून ते आधी दुसऱ्या द्रावकात विरघळवावे लागते आणि लोखंडाच्या संपर्कापासून जपावे लागते, नाहीतर तेल लालसर होते. बेंझाल्डिहाइडचे हवेशी संयोग होऊन बेंझॉइक आम्ल बनते, त्यामुळे अर्धी रिकामी, वारंवार उघडलेली बाटली काही काळाने चेरी गमावते आणि उरलेले मिश्रण साखर व धूप यांच्याकडे झुकते. व्हॅनिलिनमुळे ते गडद तपकिरीही होते. अशी बाटली काठोकाठ भरलेली, घट्ट बंद आणि थंड, सावलीच्या जागी ठेवावी, असे उत्पादक सांगतात. सुगंधी तेले उन्हापासून दूर ठेवण्याचा सल्ला थियोफ्रास्टसच्या प्रबंधातही आहे.