खुलासा: वस्ती सुधारायची म्हणजे टॉवरच बांधायला हवा?

पुण्यात वर्षानुवर्षं ऐकू येणारं वाक्य: ‘झोपड्या पाडा, इमारतीत फ्लॅट द्या, दुसरा इलाज नाही.’ येरवड्यात दुसरा इलाज करून झाला आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

२००५ साली सुरू झालेल्या जेएनएनयूआरएम या केंद्र सरकारच्या शहरसुधारणा अभियानातून तिथल्या काही वस्त्यांत कच्ची घरं उतरवून जवळपास त्याच जागी पक्की बांधली गेली. घर साधारण २७० चौरस फुटांचं, आत संडास-मोरी. खर्चातला सुमारे १० टक्के वाटा रहिवाशांचा, बाकी सरकारी. आराखडा वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांच्या चमूचा. घरोघरी बोलणी स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि महिला मिलन या वस्त्यांतल्या महिलांच्या संघटनेच्या बायकांची. ज्यांची घरं आधीच पक्की होती त्यांना हात लावला नाही, म्हणून गल्ल्या आणि शेजार टिकले.

यात एवढं काय, असं वाटेल. भाजीची हातगाडी सातव्या मजल्यावर नेऊन बघा. उंबऱ्यातच शिलाई मशीन मांडणाऱ्या बाईचं गिऱ्हाईक लिफ्टनं वर येत नाही. शिवाय लिफ्ट आली की दरमहा मेंटेनन्स आला, पाण्याच्या पंपाचं वीजबिल आलं. घर फुकट, राहणं महाग!

अर्थात ही जादूची कांडी नाही. नदीपात्रात किंवा डोंगरउतारावर वस्ती असेल तर लोकांना हलवावंच लागतं. काही जागा इतक्या चिंचोळ्या असतात, की दोन-तीन कुटुंबांनी एकत्र येऊन बांधल्याशिवाय जमत नाही, आणि त्या वाटाघाटींत महिने जातात.