कर्कपेशींचा माग : लोहकण-एमआरआय पद्धत

कर्कपेशींना लोह ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांची खूण करून त्या शरीरात सोडायच्या आणि कोठे रुजतात, किती टिकतात, हे चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांवर (एमआरआय) पाहायचे, अशी ही प्रायोगिक पद्धत आहे. खूण प्रयोगशाळेतच करावी लागत असल्याने ती मुख्यतः उंदरांवर वापरतात. रुग्णाच्या अंगातील गाठीतून आधीच सुटलेल्या पेशींना ती लागू पडत नाही.

पेशीचा व्यास १०–२० मायक्रोमीटर, तर रुग्णालयातील एमआरआयचा व्हॉक्सेल (प्रतिमेचा सर्वांत लहान त्रिमितीय घटक) साधारण १ मिमी.चा, त्यात एकटी पेशी दिसणे शक्य नाही. लोहकण मात्र भोवतालचे चुंबकीय क्षेत्र विस्कटतात, जवळच्या पाण्यातील प्रोटॉनांचा संकेत लवकर विझतो आणि पेशीहून कितीतरी मोठा काळा ठिपका उमटतो. २००६ मध्ये कॅनडातील लंडन (ऑन्टॅरिओ) येथील रोबार्ट्स संशोधन संस्थेच्या गटाने स्तनकर्करोगाच्या एकेकट्या पेशी उंदराच्या मेंदूत अशा टिपल्या. यंत्र १.५ टेस्ला चुंबकीय शक्तीचे, रुग्णालयातलेच होते. त्यात खास ग्रेडियंट कॉइल (बारीक प्रतिमेसाठी चुंबकीय क्षेत्र जागेनुसार बदलणारे वेटोळे) बसवले होते. बहुतेक पेशी नाहीशा झाल्या, थोड्यांच्या गाठी झाल्या आणि काही न विभागता तशाच पडून राहिल्या. या सुप्त पेशी इतर प्रतिमांत सापडणे अवघड, म्हणून या पद्धतीचे मोल.

डेक्सट्रान या शर्करेचे आवरण असलेले नॅनोकण पेशी आपणहून फारसे घेत नाही; ते पेशीत शिरावेत म्हणून प्रोटामीन सल्फेट या औषधाबरोबर देतात. सुमारे ०.९ मायक्रोमीटरचे मोठे कण ती स्वतःच गिळते. २४ तासांच्या संवर्धनानंतर पेशीमागे दहा किंवा त्याच्या काही पट पिकोग्रॅम लोह भरते. मग पेशी अनेकदा धुतात, कारण बाहेर चिकटलेले कण पुढे खोटे ठिपके देतात. पर्ल्सच्या प्रशियन ब्लू रंजनाने लोह आणि ट्रायपॅन ब्लूने मेलेल्या पेशी तपासतात. गुठळ्या बारीक जाळीतून गाळून काढणे टाळू नये : मेंदूच्या केशवाहिन्या तुंबल्या तर उंदीर तिथेच दगावतो.

सुमारे १ लाख पेशी ०.१ मिलि. द्रवात हृदयाच्या डाव्या जवनिकेत (खालच्या कप्प्यात) टोचतात. सिरिंजमध्ये लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळले की सुई योग्य जागी आहे असे समजावे. शेपटीच्या शिरेतून दिल्यास पेशी आधी फुप्फुसात अडकतात, आणि हवेमुळे फुप्फुस मुळातच काळे दिसते. पहिली प्रतिमा त्याच दिवशी घ्यावी; ठिपके मेंदूभर विखुरलेले नसतील तर तो उंदीर प्रयोगातून वगळावा. व्हॉक्सेल १००–२०० मायक्रोमीटरचा ठेवला की एका प्रतिमेला तासभर किंवा अधिक लागतो.

खरी अडचण अर्थ लावण्यात आहे : ठिपका लोहाचा असतो, जिवंत पेशीचा असेलच असे नाही. मेलेल्या पेशीतले लोह मेंदूतील मायक्रोग्लिया (तेथील भक्षक पेशी) गिळतात आणि ठिपका जागीच राहतो. जुन्या रक्तस्रावातले हिमोसिडेरिन हे लोहयुक्त रंगद्रव्यही तसेच दिसते. उलट, दर विभाजनाला लोह निम्मे होत जाते, म्हणून जोमाने वाढणारी गाठच खूण हरवते. ती टी२ प्रतिमेवर (पाणी उजळ दाखवणाऱ्या एमआरआय प्रकारावर) उजळ डागाने शोधावी लागते. ठिपक्यावरून पेशी मोजणेही फसवे, कारण त्याचा आकार लोहाइतकाच प्रतिध्वनी-काळ (यंत्र संकेत टिपण्याआधी थांबते तो वेळ) आणि चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरतो. शेवटी ऊतीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पडताळणी होतेच.

लोहाला पर्यायही आहेत. फ्लोरिन-१९च्या खुणेला शरीराची पार्श्वभूमी जवळजवळ नसते व मोजणीही करता येते. पण एका व्हॉक्सेलमध्ये हजारो पेशी लागतात. फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनासारखी वार्ताहर जनुके (पेशीत घातलेली, स्वतःच खूण तयार करणारी जनुके) विभाजनाने विरत नाहीत, मात्र त्यांचा संकेत दुबळा असतो.

रुग्णांमध्ये लोहकण वापरतात ते उलट्या तत्त्वावर. फेरुमॉक्सट्रान-१० हे लोहकणांचे द्रावण शिरेतून, किलोमागे २.६ मिग्रॅ. लोह या मात्रेत देऊन २४ तासांनी प्रतिमा घेतात. निरोगी लसीकाग्रंथीतील भक्षक पेशी कण गोळा करतात आणि ग्रंथी काळी पडते. कर्करोग पसरलेला भाग उजळच राहतो. प्रोस्टेट कर्करोगाच्या ८० रुग्णांवरील २००३ च्या अभ्यासात ग्रंथीनिहाय संवेदनशीलता (कर्करोग असलेल्या ग्रंथींपैकी ओळखल्या गेलेल्यांचे प्रमाण) ३५.४ टक्क्यांवरून ९०.५ टक्क्यांवर गेली. ग्रंथीतील मेद किंवा तंतुमय भागही लोह घेत नाही, म्हणून तोही उजळ दिसतो. कणांआधीची प्रतिमा शेजारी ठेवल्याशिवाय निदान करू नये.