नाल्यात जिना आणि टेकडीला सपाट टोपी

सर्व्हेअरकडून आलेली कॉन्टूरची फाइल रेव्हिट या इमारतींचे मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणली, दोन बटणे दाबली, पडद्यावर जमीन उमटली, की पुष्कळ जण पुढच्या कामाला लागतात. जमीन तयार होते हे खरे, पण ती त्याच प्लॉटची असते का?

कॉन्टूर, म्हणजे शाळेतली समोच्च रेषा, समान उंचीचे बिंदू जोडते. चार्ल्स हटन यांनी अठराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या मोजणीचे विखुरलेले आकडे अशाच रेषांनी जोडून त्याचा आकार काढला होता. सॉफ्टवेअर नेमके उलटे करते: रेषा मोडून पुन्हा बिंदू करते आणि त्या बिंदूंवर त्रिकोणांची जाळी विणते.

कोणते तीन बिंदू जोडायचे, हे बहुधा बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाच्या 1934 सालच्या नियमाने ठरते: त्रिकोणाच्या तीन टोकांतून जाणाऱ्या वर्तुळात चौथा बिंदू नसावा. त्यामुळे लांबट, सुईसारखे त्रिकोण शक्य तितके टळतात. नियम सुंदर आहे, पण तो फक्त नकाशावरची अंतरे पाहतो. उंची त्याला दिसतच नाही, आणि सगळी गडबड इथून सुरू होते.

समजा, प्लॉटमधून 3 मीटर रुंदीचा नाला जातो, त्याचा उतार 1:20 आहे आणि कॉन्टूर उंचीतल्या दर 1 मीटरला काढले आहेत. नाला ओलांडताना प्रत्येक कॉन्टूर चढाच्या बाजूला टोक करून वळतो. 604 मीटर उंचीच्या कॉन्टूरच्या टोकापासून 603 चे टोक 20 मीटर खाली आहे, तर 604 चेच दोन हात नाल्याच्या दोन काठांवर जेमतेम 3 मीटरवर समोरासमोर. जवळचा शेजारी कोण? दुसरा हात. मग त्रिकोणाची तिन्ही टोके 604 वरच पडतात आणि त्रिकोण आडवा होतो. खरा तळ 603.3 वर असेल तिथेही मॉडेल 604 दाखवते आणि 603 च्या टोकाजवळ एकदम पायरी पडते. नाल्याचा जिना होतो. अशा मॉडेलवरून पाण्याची वाट काढली, तर प्रत्येक पायरीवर ती खुंटते.

टेकडीच्या माथ्यावरही तेच. शेवटच्या बंद कॉन्टूरच्या आत एकही लेव्हल, म्हणजे मोजलेली उंची, नसेल, तर माथा छाटला जातो. त्या कॉन्टूरच्या आत 900 चौरस मीटर जागा आहे, खरा माथा 0.8 मीटर वर आहे आणि आकार शंकूसारखा धरला, तर 900 × 0.8 ÷ 3 म्हणजे 240 घनमीटर माती हिशेबातून गायब. खोदकामाच्या अंदाजपत्रकात ही चूक कुणाला दिसत नाही. ती बिलात दिसते.

यावर ‘बिंदू वाढवा’ हा नेहमीचा सल्ला उलटा पडतो. त्याच रेषेवर दर अर्ध्या मीटरला बिंदू टाकले, तर एकाच उंचीचे शेजारी आणखी वाढतात. रेषेवरचे बिंदू विरळ करून त्यांच्यातले अंतर दोन कॉन्टूरमधल्या अंतराच्या जवळपास आणावे. वळणावरचे मात्र राखावेत. माहिती हवी ती रेषांच्या मधली: माथ्याची, खोलगटाची, बांधाच्या वरच्या आणि खालच्या कडेची स्पॉट लेव्हल, म्हणजे त्या एका जागी मोजलेली उंची. नाल्याच्या तळातून उंचीसह ब्रेकलाइन, म्हणजे जाळीला बंधनकारक अशी रेषा, काढावी; मग एकही त्रिकोण तिला ओलांडत नाही. सिव्हिल थ्रीडी या स्थापत्य-आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, शिवाय सपाट त्रिकोण कमी करण्याचे वेगळे पर्यायही आहेत. पण ते अंदाज करतात, मोजणी नव्हे. रेव्हिटच्या जुन्या टोपोसरफेस या जमीन बनवण्याच्या साधनात ब्रेकलाइन नव्हती. तिथे तळात दर 2 मीटरला 10 सेंटीमीटरने उतरणारे बिंदू हाताने द्यावे लागत. स्केचअप हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणखी एक खोडी करते: प्लॉटची हद्द आत वळलेली असेल तिथेही हद्दीबाहेर त्रिकोण ताणते. ते पुसायचे.

त्याआधीच्या चुका साध्या असतात. रेषा झेड (उंचीचा अक्ष) शून्यावर आणि उंची फक्त शेजारच्या अक्षरांत असेल, तर जमीन टेबलासारखी सपाट येते. शून्यावरची झाडे किंवा अक्षरे चुकून निवडली, तर जमिनीत विहिरी पडतात. सर्व्हे मीटरमध्ये आणि फाइल मिलिमीटर समजून आणली, की हजारपटीचा गोंधळ. पुण्याच्या आसपास यूटीएम या नकाशाच्या निर्देशांक-पद्धतीतला उत्तरेकडचा आकडा 20 लाख मीटरच्या पुढे जातो. 32 बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या दशांश आकडा साठवण्याच्या पद्धतीत, एवढ्या आकड्याचा लगतचा आकडा 12.5 सेंटीमीटरवर असतो, म्हणून पडद्यावर कडा थरथरतात. प्लॉटजवळचा एक पक्का बिंदू शून्य धरावा आणि वजा केलेले आकडे लिहून ठेवावेत.

‘फुकट 1 मीटर कॉन्टूर’ देणाऱ्या संकेतस्थळांचे तर नावच नको. त्यांच्यामागे बहुतेकदा फेब्रुवारी 2000 मधल्या शटल रडार मोहिमेची 30 मीटरची जाळी असते. तिचे उंचीतल्या चुकीचे उद्दिष्टच 16 मीटरच्या आत राहण्याचे होते. तिच्यातून 1 मीटरच्या रेषा काढता येतात, जसा पंचांगातून मिनिटापर्यंतचा शुभमुहूर्त काढता येतो. वास्तूसाठी उतार ईशान्येकडे ‘दिसावा’ म्हणून मॉडेलमधल्या लेव्हल ओढणे त्याच जातीचे. पावसाळ्यात पाणी खऱ्या उतारानेच प्लिंथपाशी (जोत्यापाशी) येते.

तपासणीसाठी 15-20 स्पॉट लेव्हल मुद्दाम मॉडेलबाहेर ठेवाव्यात आणि नंतर पृष्ठभागावरची उंची त्यांच्याशी ताडून पाहावी. कॉन्टूर 1 मीटरचे असतील, तर दहापैकी नऊ ठिकाणी फरक अर्ध्या मीटरच्या आत हवा. मग तयार पृष्ठभागावरून पुन्हा अर्ध्या मीटरचे कॉन्टूर काढावेत. मधली रेषा मूळ रेषेला जिथे चिकटून धावते किंवा नाल्यात शिरायचे टाळते, तिथे सपाट त्रिकोण बसलेले असतात. सर्व्हेअरला पुन्हा पाठवायचे ते तिथेच.